हरभऱ्यातलं खळं

उत्पला गजभिये चालता चालता मध्येच थांबते. रस्त्यात, जिन्यात, भाजीच्या गाडीसमोर, कुठंही. डोळे उघडे असतात, पण ती तिथं नसते. नागपूरच्या इंदोऱ्यातल्या तिच्या गल्लीतल्या बायका आधी म्हणायच्या, पोरगी भोळी आहे. तिनं एम.ए.ला पुरातत्त्व घेतल्यावर म्हणाल्या, पोरगी कामातून गेली. दोन्ही चूक. आपण उभे आहोत त्याच्या खाली काय आहे आणि त्याच्याही खाली काय असेल, असं एकाखाली एक तिला दिसत जातं, एवढंच. डांबराखाली मुरमाचा रस्ता, त्याखाली गाडीवाट, त्याखाली नुसतं गवत आणि त्या गवतातून डोक्यावर मडकं घेऊन जाणारी कुणीतरी बाई. ती बाई मान वळवून बघणार, एवढ्यात मागून सायकलवाला ओरडतो, "ओ ताई, बाजूले व्हा ना!"

तिचे वडील प्रेमानंद बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात होते. सकाळी कंपनीच्या बसनं जायचे, संध्याकाळी भुवयांत रुई घेऊन परत यायचे. मुलगी शिकतेय याचा त्यांना अभिमान होता. काय शिकतेय ते मात्र कारखान्यात सांगताना त्यांची पंचाईत व्हायची. "जुन्या वस्तूंचं," असं ते म्हणायचे, आणि लोकांना वाटायचं भंगाराचं.

"बेटा, हे शिकून लोक लागतेत तरी कुठं?" ते एकदा जेवताना म्हणाले.

आता खोटं बोलणं उत्पलाला जमत नाही. तिनं खरं ते सांगितलं. केंद्राच्या खात्यात जागा निघतात, पण कधी निघतील ते खात्यालाही ठाऊक नसतं. राज्याच्या खात्यात निघाल्या तर दोन-चार, आणि अर्ज सगळ्या महाराष्ट्राचे. नेट पास झालं तर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवता येतं, म्हणजे सुट्टी लागली की पगारालाही सुट्टी. संग्रहालयात कंत्राटी काम. तिच्या आधीच्या वर्गातली एक मुलगी पर्यटकांना लेणी दाखवत होती आणि त्यातल्या त्यात तीच खुशीत होती. बाकीचे स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत जाऊन बसले होते, अजून बसलेलेच होते.

"मंग काहून करून राहिली तू?"

भाताचा घास उत्पलाच्या हातात तसाच राहिला. आई, शोभाताई, वाटीत वरण ओतत म्हणाली, "पाहा, गेली पुन्हा."

शेवटी बापलेकीत सौदा ठरला. त्या हिवाळ्यात विभागातल्या मुग्धा मॅडमना एका उत्खननाची परवानगी मिळाली होती आणि वर्गातल्या एकाच विद्यार्थ्याला मदतनीस म्हणून नेता येणार होतं. खड्ड्यात उतरून काम, अहवालात नाव. या क्षेत्रात पाऊल टाकायला तेवढी एकच पायरी असते. ती चुकली की मागून येणाऱ्यांची रांग लागलेलीच. इकडे प्रेमानंदांच्या साहेबांनी स्टोअरमधली एक जागा उत्पलासाठी अडवून ठेवली होती. कायमची, पीएफसकट. डिसेंबरअखेर हो की नाही सांगायचं होतं.

"मॅडमनं घेतलं तं मी हेच करीन," उत्पला म्हणाली. "नाही घेतलं तं बुटीबोरी. मग पुन्हा नाव काढणार नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

मॅडम कुणाला नेणार ते लघुप्रबंधावर ठरायचं होतं. नागपूरच्या आसपास लोहयुगातल्या माणसांनी आपल्या मेलेल्यांभोवती रचलेली दगडांची वर्तुळं पुष्कळ आहेत. मॅडमनी प्रत्येकाला सांगितलं, नोंद न झालेलं एखादं शोधा, मोजा, काढा आणि वाचा. वर्गात अर्णव होता. हुशार, नीटनेटका, कधीही मध्येच न थांबणारा. त्यानं पहिल्याच महिन्यात आपलं वर्तुळ शोधून काढलं.

उत्पलाला तिचं ऑगस्टमध्ये सापडलं. खाप्याच्या पुढं, कन्हानच्या काठानं आत गेलेल्या एका गावात, रंभाबाईंच्या शेतात. शेताच्या कडेला मुरमाड उंचवटा होता, तो कधी कुणी पेरला नव्हता. त्यावर हे मोठे काळे गोटे अर्धगोलात बसलेले. गावात त्याला देवाचं खळं म्हणत. नवी ज्वारी आली की पहिली मूठ तिथं नेऊन टाकायची, एवढाच काय तो देवाचा हक्क. गोट्यांच्या पुढं कमरेएवढं सोयाबीन, मध्ये गवत, वरून पाऊस. उत्पला छत्री धरून उभी राहिली आणि तिचा चेहरा पडला.

"अर्धंच आहे हो मावशी."

"काय अर्धं?"

"वर्तुळ. पूर्ण पाहिजे होतं. अर्ध्याचं काय करू मी?"

रंभाबाई डोक्यावर पोतं घेऊन उभ्या होत्या. साठीच्या, काटक, तोंडानं फटकळ. त्यांनी एकदा गोट्यांकडे पाहिलं, एकदा या ओल्याचिंब पोरीकडे. "चाल, चहा घे," म्हणाल्या.

दिवाळीनंतर उत्पला मोजायला गेली तेव्हा सोयाबीन निघालं होतं, हरभऱ्याची कोवळी रोपं वर आली होती. आणि वर्तुळ पूर्ण होतं.

पूर्ण! तिनं डोळे चोळले. पावसात, पिकात, गवतात दिसलं नव्हतं आणि आता दिसत होतं, दुसरं काय? अर्ध्या अंगानं गोल आणि शेताकडची बाजू मात्र जवळजवळ सरळ, धनुष्याला चढवलेल्या प्रत्यंचेसारखी. असं चित्र तिनं कुठल्याच अहवालात पाहिलं नव्हतं. दुपारभर ती मधोमध बसून राहिली. कन्हानकडून गार वारा येत होता, दगड उन्हानं ऊबदार झाले होते, आणि उत्पला तीन हजार वर्षं मागं गेली. माणसं दगड लोटत आणत होती. एक म्हातारा हातवारे करून ओरडत होता, अजून डावीकडे, डावीकडे! एक बाई कमरेवर हात ठेवून त्याच्याशी भांडत होती. अगदी इंदोऱ्यातल्या नळावरची वाटावी अशी. कुणाला पुरत होते ते? लेकराला? की घोड्यावरून फिरणाऱ्या एखाद्या मातबराला? ती सरळ बाजू त्यांनी उगवतीकडेच का ठेवली असेल? सूर्य थेट आत यावा म्हणून?

संध्याकाळी तिनं टेप गुंडाळला तेव्हा तिच्याकडे एक सिद्धान्त तयार होता.

त्या सरळ बाजूवर तिनं प्रकरण लिहिलं, सूर्योदय, ऋतू आणि पुनर्जन्माच्या कल्पना यांसकट. मुग्धा मॅडमनी चित्र दोनदा पाहिलं. मॅडम कौतुक करत नसत, पण त्यांनी चष्मा काढून ठेवला. "हे वेगळं आहे," त्या म्हणाल्या. "असंच असेल तर हिवाळ्यात तूच ये माझ्याबरोबर." उत्पला घरी कशी पोचली ते तिचं तिलाच आठवत नाही. बहुधा चालतच आली. प्रेमानंदांनी त्या रात्री साहेबांचा विषय काढला नाही.

डिसेंबर लागल्यावर ती संत्रा बर्फीचा डबा घेऊन रंभाबाईंकडे गेली. तुमच्या शेतामुळे माझं काम झालं म्हणून.

"मले मालूमच होतं," रंभाबाई बर्फी तोंडात टाकत म्हणाल्या. "अर्ध्या खळ्याचे मार्कही अर्धेच भेटतेत. पूर्न दिसलं तं पूर्न देल्ले ना तुह्या मॅडमनं?"

"म्हणजे काय मावशी?"

"म्हंजे काय म्हंजे! पावसात तूच तं एवढंसं तोंड करून म्हनत होती, अर्धंच आहे, अर्धंच आहे. तं दिवाळीच्या आधी बुढ्यानं अन् म्या धुऱ्यावरचे गोटे लोटत आनले. सासऱ्यानं ट्रॅक्टर लावलं तवा वावरातून काढून धुऱ्यावर, त्या बांधावर, टाकले होते, ते. एकेक गोटा म्हंजे बसली म्हैस. पाठ धरली माही."

उत्पलाच्या तोंडातली बर्फी तोंडातच राहिली. ती कशीबशी गिळून तिनं विचारलं, "अन् ही बाजू सरळ काहून?"

"मंग? गोल घ्याले गेलो तं नांगराचे दोन तास, पेऱ्याच्या दोन ओळी, जात होते. मार्क तुले भेटतीन, माह्या हरभऱ्याचं काय?"

सूर्योदय, ऋतू, पुनर्जन्म, सगळं हरभऱ्याच्या दोन तासांत जमा झालं.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. बाहेर कपाशीच्या पराट्यांची उघडी बोंडं संध्याकाळच्या उजेडात तरंगत होती, वेचायची राहून गेलेली. कुणाला कळणार होतं? रंभाबाई मॅडमना कधी भेटणार नव्हत्या. भेटल्या तरी पोरीचं भलं होईल असंच बोलल्या असत्या. शिवाय दगड तर खरेच होते, त्याच वर्तुळातले, फक्त आपल्या जागेवरून उठून दुसरीकडे बसलेले. तिच्या डोळ्यांसमोर पुन्हा तो म्हातारा आला. तोच हातवारे करणारा. पण आता तो ओरडत नव्हता. नुसता उभा राहून त्या सरळ बाजूकडे बघत होता, आपल्या घरात कुणी कपाट हलवल्यावर माणूस बघतो तसा.

दुसऱ्या दिवशी ती मॅडमच्या खोलीत गेली आणि बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं.

मॅडम टेबलावर खापऱ्या मांडत होत्या. मांडतच राहिल्या. मग म्हणाल्या, "दगडाच्या बुडाशी पाहिलंस?"

"नाही."

"मुळातला दगड मातीत रुतलेला असतो, आणलेला नुसता टेकलेला. खालचं गवत पिवळं पडलेलं असतं. पहिल्या वर्षाची मुलंही हे पाहतात. तू का नाही पाहिलंस?"

"पाहावंसं वाटलं नाही, मॅडम. मला ते पूर्ण हवं होतं."

"तुला आणि त्या बाईंना, दोघींनाही. त्यांना निदान पुरातत्त्व शिकवलेलं नव्हतं." मॅडमनी एक खापरी उलटी केली. "स्वप्नं पाहू नको असं मी म्हणणार नाही. स्वप्नं न पाहणारा माणूस या धंद्यात चार दिवस टिकत नाही, माती चाळून चाळून वेडा होतो. पण आधी बूड पाहायचं, मग स्वप्न. जा, पुन्हा काढ. जेवढं खरं आहे तेवढंच. अर्णवला मी अजून काही बोललेले नाही, पण महिनाअखेर बोलावं लागेल."

उत्पला पुन्हा रंभाबाईंच्या गावाला गेली. या वेळी रंभाबाई तिच्याशी बोलल्या नाहीत. त्यांच्या नवऱ्यानं कानात सांगितलं, "तिले राग आला. तुह्यासाठी कमर मोडून घेतली, अन् आता तू म्हनते का ते खोटं." उत्पला दिवसभर एकेका दगडाशी गुडघ्यावर बसली, ब्रशनं माती झाडली, रुतलेला कुठला आणि टेकलेला कुठला ते कागदावर उतरवलं. मॅडम म्हणाल्या तसंच होतं सगळं. इतकं उघड होतं की तिला स्वतःची शरम वाटली. संध्याकाळी कागदावर उरलं ते अर्धं वर्तुळ. ऑगस्टमध्ये होतं तेवढंच.

शेवटची एसटी निघून गेली होती. रंभाबाईंनी न बोलता तिच्यापुढं भाकर, वांग्याची भाजी आणि ठेचा ठेवला. मग न बोलताच आपली जाड गोधडी दिली. सकाळी उठवलंही त्यांनीच. "मचानावर जा. बुढ्याले चहा नेऊन दे. रानडुकरं हाकलून हाकलून गारठला असंन."

उजाडत होतं. कन्हानवरून धुकं वर येऊन शेतात पसरलं होतं आणि त्यात मचाण तेवढं तरंगताना दिसत होतं. उत्पला किटली सांभाळत वर चढली. म्हातारबुवांनी चहा घेतला, खोकले आणि खाली उतरून गेले. ती एकटीच वर राहिली. धुकं हळूहळू विरत होतं, खालून हरभरा वर येत होता. पाण्यातून काही वर यावं तसा. सूर्य अजून शेताच्या कडेलाच होता, आडवा, कोवळा. रोपांच्या सावल्या लांब पडल्या होत्या.

आणि त्या उजेडात तिला हिरव्यात हिरवं दिसलं.

एक गडद ठिपका. त्याच्या पुढं थोडं अंतर सोडून दुसरा. मग तिसरा. बाकीचा हरभरा थंडीनं आणि कोरड्या मातीनं मरगळलेला, फिकट. या ठिपक्यांतला मात्र दाट आणि उंच. उंचवट्यावरच्या अर्ध्या वर्तुळाच्या एका टोकापासून ते ठिपके शेतात शिरले होते, सावकाश वळत वळत, आणि दुसऱ्या टोकाला येऊन मिळाले होते. कुठंही सरळ नव्हते.

उत्पला हलली नाही. आपण पुन्हा तिकडे गेलो आहोत, असंच तिला वाटलं. तो म्हातारा आता दिसेल, ती भांडणारी बाई दिसेल, मग मागून कुणीतरी ओरडेल. पण कुणी ओरडलं नाही. मग तिला वर्गातलं एक टिपण आठवलं. परीक्षेत लिहून मोकळं व्हायचं आणि विसरायचं, असलं टिपण. जिथं कधीकाळी जमीन खोल खणलेली असते तिथं माती जास्त साठते, ओल जास्त दिवस टिकते आणि वरचं पीक जोरात येतं. दगड निघून गेले होते. त्यांनी मुरमात पाडलेले खड्डे गेले नव्हते.

या वेळी ती तशीच थांबून राहिली नाही. भराभर खाली उतरली.

"मावशी! दोर द्या, दोर!"

"काहून वं? काय झालं?" रंभाबाई राग विसरून बाहेर आल्या.

"हरभऱ्यात दाट दाट ठिपके आहेत, पाहिले तुम्ही?"

"असतीन. म्हसरू बसलं असंन तिथं. शेन पडलं का पीक जोर करते."

"म्हशी गोल बसतात?"

रंभाबाईंनी कंबरेवर हात ठेवले आणि शेताकडे पाहिलं. खालून काहीच दिसत नव्हतं, नुसता हरभरा होता. तरी त्यांनी दोराचं एक टोक धरलं आणि उत्पलानं दाखवलेल्या वर्तुळाच्या मध्यावर जाऊन उभ्या राहिल्या. उत्पला दुसरं टोक घेऊन रोपं न तुडवता, दाट जागा शोधत तासातासातून फिरली. अर्ध्या वर्तुळातल्या रुतलेल्या दगडांपासून मध्य जेवढा लांब, तेवढ्याच अंतरावर प्रत्येक ठिपका. एके ठिकाणी हवा होता तिथं काहीच नव्हतं. तिनं तिथं काहीच काढलं नाही, जागा रिकामी सोडली.

"माह्या वावरात होतं व्हय हे," रंभाबाई म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "अन् म्या दोन तास वाचवाले गेली!"

उत्पलानं फोन केल्यावर मुग्धा मॅडम दुसऱ्या दिवशी पहाटे स्वतः गाडी चालवत आल्या. कानटोपी, जाड स्वेटर, पायात बूट. मचाणाची शिडी रंभाबाईंनी खालून धरली. "पडू नका जी, तुमी पडल्या तं या पोट्टीचे मार्क जातीन," असं वर बजावलंही. मॅडम वर उभ्या राहिल्या आणि उजेड यायची वाट पाहत राहिल्या. उत्पला शेजारी. धुकं विरलं, सूर्य आडवा आला. ठिपके वर आले.

मॅडमनी तिच्या हातातला कागद घेतला आणि खालच्या शेताशी ताडून पाहिला.

"इथं रिकामं का सोडलंस?"

"तिथं काही दिसलं नाही."

"वर्तुळ पूर्ण करायला तिथं एक हवा."

"हवा आहे. पण नाही."

मॅडमनी कागद परत दिला. "खणल्याशिवाय मी यातलं काहीच मानणार नाही. आणि हे खणायची परवानगी आपल्याला मिळेल तेव्हा मिळेल, कदाचित मिळणारही नाही. पण जानेवारीत माझ्या खड्ड्यात मला एक माणूस पाहिजे. तीन महिने काम आहे. त्यापुढचं विचारू नको, मला माहीत नाही आणि माहीत असल्यासारखं मी बोलणार नाही."

"हो," उत्पला म्हणाली.

मॅडम खाली चहाला गेल्या. रंभाबाई त्यांना सासऱ्याच्या ट्रॅक्टरची गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागल्या होत्या. उत्पलानं वरूनच फोन लावला. प्रेमानंद नुकतेच कंपनीच्या फाटकातून आत शिरत असावेत. मागं भोंगा वाजत होता.

"बाबा, साहेबांना सांगा, जागा दुसऱ्या कोणाले द्या."

पलीकडे भोंगा थांबला.

"घेतलं मॅडमनं?"

"हाव. तीन महिने."

"अन् मंग?"

"मंग माहीत नाही, बाबा."

कुणीतरी त्यांना हाक मारली, त्यांनी "आलो, आलो" म्हटलं, पण फोन ठेवला नाही.

"तिथं जेवाले भेटते ना बराबर?"

"भेटते."

"थंडीचे कपडे घेऊन जा," प्रेमानंद म्हणाले. "मी साहेबाले सांगतो."

सूर्य वर आला होता. सावल्या आखडल्या, हिरव्यातलं हिरवं पुसट होत गेलं आणि खाली साधा हरभरा उरला. उत्पला तरी बघत राहिली. खालून रंभाबाई ओरडल्या, "अवं, उतर आता, चहा थंडा होऊन राहिला!"